एकावर ठेवलेली हवा

"ताई, तुम्ही श्वास चोरताय," असं तो माणूस सगळ्या ऑफिससमोर म्हणाला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डोळे मिटायला सांगितले म्हणून मिटले होते, हात पोटावर ठेवायला सांगितला म्हणून ठेवला होता, आणि आता पुण्याहून आलेला, पांढरा झुळझुळीत सदरा घातलेला, माझ्याहून लहानच असेल असा हा माणूस माझ्या खुर्चीपुढे उभा राहून मला चोर ठरवत होता. मी डोळे उघडले. "पोट फुगत नाहीये तुमचं," तो मायेने म्हणाला. "वरच्यावर घेताय. सोडा, सगळं सोडून द्या." आजूबाजूचे दोघे-तिघे एक डोळा किलकिला करून माझ्या पोटाकडे बघायला लागले. सोडा म्हणे. आमचं बियाण्यांच्या कंपनीचं ऑफिस आहे, सावेडीत, पाइपलाइन रोडला. शनिवारी अर्धा दिवस असतं. त्या उरलेल्या अर्ध्या दिवसावर माझा आठवडा तरतो, हे मला आणि माझ्या घराला माहीत आहे. पण साहेबांना कुठून तरी कळलं, की कर्मचाऱ्यांवर ताण आहे, आणि तो ताण कमी करायला त्यांनी श्वासाचं शिबिर ठेवून आमचा अर्धा शनिवारच काढून घेतला. हजेरी सक्तीची. मोबाईल दाराशी ठेवलेल्या वेताच्या टोपलीत टाकायचे, कारण मोबाईल हा श्वासाचा शत्रू. मी म्हणाले, घरी सासूबाई आजारी आहेत, माझा जवळ असू दे. साहेब हसले. "रोहिणी मॅडम, एवढ्यात काही जग बुडत नाही." मी मोबाईल टोपलीत टाकला. वर दुसऱ्यांचे मोबाईल पडत गेले आणि माझा दिसेनासा झाला.

"श्वास तुमचा नोकर आहे," तो आता खुर्च्यांमधून फिरत होता. "आज तो मालक होऊन बसलाय. त्याला ताब्यात घ्या. नव्वद टक्के लोकांना श्वास घेताच येत नाही." मग इतकी वर्षं आम्ही काय करत होतो, हे विचारायला कुणी उठलं नाही. लेखापाल जोशी तर मान डोलवत होते. मी परत डोळे मिटले आणि तिथेच फसले, कारण त्याने एकदा श्वासाकडे बोट दाखवल्यावर मला तो दिसायला लागला. एरवी आपोआप चाललेली गोष्ट मला हाताने करावी लागू लागली. घे. आता सोड. आता पुन्हा घे, पण कधी? केवढा? जिना उतरताना पायऱ्यांचा विचार करायला लागलं की पाय अडखळतात तसा माझा श्वास अडखळायला लागला. छातीच्या मधोमध काहीतरी अर्धवट राहून जात होतं, जांभई येता येता थांबावी तसं. आणि चिडचिड अशी, की हे माझं खासगी काम होतं, माझ्या जन्मापासून मला न विचारता चाललेलं, आणि या माणसाने त्यात नाक खुपसलं.

मालक व्हायचा प्रयत्न मी एकदा केलेला आहे. संगमनेरला, पाच-सहा वर्षांची असताना. माझे वडील दूध संघात होते, आणि चुलतभाऊ प्रवरेत पोहायला निघाले होते, आणि मी मुलगी म्हणून मला नेणार नव्हते. मी ओसरीवर बसून श्वास धरला. मरून दाखवते, म्हटलं. आई घाबरली. वडील मात्र समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "धर. बघू कोण जिंकतंय." मी धरला. कानात घणघण व्हायला लागली, डोळ्यांपुढे पिवळं झालं, पोट आतल्या आत उड्या मारायला लागलं. माझा निर्धार पक्का होता, अगदी आजही मला तो आठवतो, पण माझ्याच छातीने मला न जुमानता तोंड उघडलं आणि भसकन हवा ओढून घेतली. वडील टाळ्या वाजवून हसले. मी रडले ते पोहायला मिळालं नाही म्हणून नव्हे. माझं अंगच माझ्या विरुद्ध वडिलांना जाऊन मिळालं, त्याचा संताप होता. आता वाटतं, बरं झालं. हे काम आपल्या हाती दिलेलं नाही म्हणून तर माणसं रुसून, विसरून, झोपून, प्रेमात पडून जिवंत राहतात. नाहीतर एखाद्या दुपारी टीव्ही बघता बघता राहून गेलं असतं घ्यायचं.

हे मला छातीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, सासूबाईंना पहिल्यांदा दाखवायला नेलं तेव्हा. बाई गडबडीच्या, पण त्या दिवशी वेळ काढून बोलल्या. मेंदूच्या देठाशी, मानेच्या खळगीच्या आतल्या बाजूला, चिमूटभर जागा आहे. तिला ताज्या हवेची फारशी पडलेली नसते. वापरलेली हवा रक्तात साठली, रक्त जरासं आंबट झालं, की ती छातीला सांगते, ओढ. आपल्याला गुदमरतं ते मुख्यतः जुनी हवा बाहेर गेली नाही म्हणून. "आणि यांच्या छातीत इतकी वर्षं धूर मुरलाय," सासूबाईंकडे बघत त्या म्हणाल्या, "की जुनी हवा पुरती बाहेर पडतच नाही. ती जागा ओरडून ओरडून बधिर झालीय. आता यांना जागं ठेवते ती दुसरी पहारेकरीण, गळ्यातल्या रक्तवाहिन्यांपाशी बसलेली. ती फक्त टंचाई ओळखते. हवा कमी पडली, की म्हणते, ओढ. तिला भरपूर दिलं, तर ती म्हणणार, आता कसली घाई?" मग त्यांनी घरी आणायच्या ऑक्सिजनच्या मशीनवरची काचेची नळी दाखवली. नळीत एक छोटा काळा गोळा असतो, बटण फिरवलं की वर चढतो. "आणखीही कारणं आहेत, पण तुम्ही एवढंच लक्षात ठेवा. गोळा एकावर. त्याच्या वर नाही, कितीही धापा टाकल्या तरी. आणि चेहरा लालबुंद दिसला, हात गरम लागले, खूप झोपायला लागल्या, तर ती झोप समजू नका." सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. "येक म्हंजी येक," त्या म्हणाल्या. "मला कळलं."

मला त्या दिवशी घरी येताना रिक्षात फार राग आला. कुणाचा राग, ते मात्र नक्की ठरवता येईना. टंचाईवर चालणारं शरीर. भरपूर मिळालं की थांबणारं. असं शरीर जन्माला येत नाही, ते कुणीतरी घडवतं. पाथर्डीच्या बाजूला दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात, आणि सासूबाई, केशरबाई त्यांचं नाव, लग्न झाल्यापासून ते गुडघे जाईपर्यंत दरसाल गेल्या. फडाच्या कडेला उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, संसार. हिवाळ्यात कोपीचं तोंड बंद करायचं आणि आत चूल. ओलं सरपण, ओलं पाचट, जे मिळेल ते जाळायचं आणि फुंकणीने फुंकत राहायचं. फुंकायला आधी छाती भरून घ्यावी लागते. ती त्या धुरानेच भरायची. त्यांनी जन्मात विडी ओढली नाही. आमच्या साहेबांच्या त्या पांढऱ्या सदऱ्याने सांगावं केशरबाईंना, की तुम्हाला श्वास घेता येत नाही. अजिनाथ, माझा नवरा, अशाच एका कोपीत जन्मला. ती गोष्ट त्या नेहमी हसत हसत सांगतात. "रडंनाच पोरगं. निळं पडल्यालं. मंग शेजारच्या कोपीतल्या म्हातारीनं धरलं त्याला पायाला आन तळव्याव दिल्या ठिवून. मला आला राग! म्हनलं, माझ्या लेकराला मारती? उठाया गेले, तवर त्यानं घेतला की दम." आणि मग त्या माझ्याकडे बघून म्हणतात, "तवापासून त्यो कुनाचं ऐकंना."

अशी बाई केडगावच्या आमच्या आतल्या खोलीत नाकात नळी घालून बसलेली, शेजारी मशीन घुरघुरतंय, नळीत गोळा एकावर. आणि भेटायला येणारे लोक. आजाऱ्याला भेटायला यावं, मला त्याचं काही नाही. पण आमच्या सासरी माणूस भेटायला येतं ते काहीतरी आपल्या हाताने केल्याशिवाय जात नाही. शहाळं पाजतील, पाय चेपतील, भाकरीचा तुकडा कालवून तोंडात घालतील. आणि ताटात एक म्हणून कधी वाढायचं नाही. एक भाकरी वाढली तर वाढणारीचं मन लहान, एवढ्यावर ते माणसाची पारख करतात. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या पंगतीत एका म्हाताऱ्याने हात आडवा केला म्हणून मी थांबले, तर ते आजही सांगतात, की अजिनाथाच्या बायकोला वाढायचं माहीत नाही. त्यांचं "नको" म्हणजे "वाढ" असतं, हे मला कळायला वर्ष गेलं. तर अशी ही माणसं येणार, सासूबाईंच्या छातीचा भाता चाललेला बघणार, मग मशीन बघणार, आणि त्यांना दिसणार काय, तर नळीवर पाचपर्यंत आकडे आहेत आणि गोळा एकावर. कुणी बोलत नाही, पण नजर माझ्याकडे वळते. जयाताई, माझ्या थोरल्या नणंद, मात्र बोलल्या. मागच्या महिन्यात आल्या तेव्हा. "पाचाचं मशीन हाय आन येकाव ठिवलंय. लाईटबिल लई येतं का गं?" मी त्यांना सगळं सांगितलं. ती चिमूटभर जागा, ती दुसरी पहारेकरीण, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत. आईला धाप लागली की त्यांचा स्वतःचा श्वास वर जातो, हे मी पाहिलंय. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "भुकेल्याला कमी खा असं सांगनारा डॉक्टर म्या पयल्यांदा बघितला." त्यांच्यासोबत आलेल्या कडूबाई मावशींनी, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीने, जाता जाता हळूच बटणाला हात घातला होता. मी पाहिलं. गोळा खाली आणला, आणि त्या गेल्यावर बटणावर डॉक्टरी चिकटपट्टी लावून वर मोठ्या अक्षरात लिहिलं, हात लावू नये. ते लिहिताना मला स्वतःची लाज वाटली. पाहुण्यांच्या ताटाला कुलूप लावल्यासारखं.

आज त्या दोघी पुन्हा येणार होत्या. अजिनाथची सुप्याच्या कारखान्यात दुपारची पाळी. तो निघणार, त्या येणार, आणि थोड्या वेळात मी पोचणार, असं ठरलं होतं. ते मधलं थोडं आता कितीतरी झालं होतं, कारण पांढरा सदरा आम्हाला अजून सोडत नव्हता. "आता श्वास रोखा," तो म्हणाला. "आणि बघा, आत किती शांतता आहे." खोलीभर माणसं श्वास रोखून बसली. मीही रोखला, आणि मला तिथे कसलीच शांतता सापडली नाही. तीच जुनी घणघण, तेच पोटातलं धडपडणं. मला वाटलं, सासूबाई रोज याच जागी राहतात. आम्ही मौजेखातर दोन क्षण डोकावतो तिथे त्यांचं कायमचं घर आहे. आणि हा माणूस त्याला शांतता म्हणतो. मी भसकन श्वास सोडला, खुर्ची सरकवली, सगळ्यांचे डोळे उघडले तरी पर्वा केली नाही, आणि दाराशी जाऊन टोपलीत हात घालून माझा मोबाईल शोधायला लागले. साहेब मागून म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटं." मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

घरच्यांच्या ग्रुपवर जयाताईंनी फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, आई किती दिवसांनी शांत झोपली. त्याखाली गावाकडच्या सगळ्यांचे हात जोडलेले, फुलं, दिवे. फोटोत सासूबाई उशीवर कलत्या झोपलेल्या, तोंड किंचित उघडं, गाल लालसर, नव्या नवरीसारखे. इतक्या टवटवीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मी फोटो बोटांनी मोठा केला. कोपऱ्यात मशीन अर्धं आलं होतं. चिकटपट्टी लोंबत होती आणि गोळा चारावर होता.

मी फोन लावला. जयाताईंनी कुजबुजत उचलला. "हळू बोल, झोपलीय ती." मी म्हणाले, गोळा खाली घ्या, एकावर आणा, आणि त्यांना उठवा, आत्ताच्या आत्ता उठवा. "न्हाई गं बाई," त्या म्हणाल्या, "किती दिसांनी झोपली ती, तिनं झोपावं बी वाटत न्हाई का तुला?" आणि ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही. अजिनाथचा मोबाईल कारखान्याच्या गेटवर जमा असतो. श्वासाचे शत्रू सगळीकडेच जमा करून घेतात. डॉक्टरीणबाईंना लावला, त्यांनी मात्र लगेच उचलला. मशीन एकावर करा, बंद करू नका, हलवा, चिमटे काढा, बोलत ठेवा, गाडी बोलवा आणि घेऊन या. एकशे आठला फोन करून पत्ता सांगितला तेव्हा मी स्कूटरवर बसलेली होते. उड्डाणपुलावरून सक्कर चौकात उतरले, कायनेटिक चौकात नेहमीसारखे ट्रक आडवे. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं आहे, पण ट्रक तेच, धूळ तीच. ओढणी नाकावर बांधायची राहिली होती. पुढच्या टेम्पोचा धूर सरळ छातीत जात होता आणि मला सगळ्यांचा राग येत होता. टेम्पोवाल्याचा, साहेबांचा, टोपलीचा, एका अख्ख्या जिल्ह्याच्या पाहुणचाराचा. तुम्ही माणसाला प्रेमाने मारता, आणि वर फोटो काढता. आणि त्या संतापात कुठेतरी हेही होतं, की सासूबाई गेल्या तर गावात काय सांगितलं जाईल मला ठाऊक आहे. हवेतसुद्धा हात आखडणारी सून. त्यांनी चारावर ठेवली होती तेव्हा शांत झोपली होती, सुनेने येऊन कमी केली आणि गेली. ही वाक्यं मला शब्दशः ऐकू येत होती. घराच्या वळणावर मला कळलं, की ऑफिसातून निघाल्यापासून मी एकदाही माझ्या श्वासाकडे पाहिलेलं नाही. तो चालला होता आपला, कुणाचाही नोकर न होता.

दारात दोघींच्या चपला. आत चहाचे कप. खोलीत अर्धवट अंधार करून ठेवलेला, खिडकीला साडी लावलेली. जयाताई तोंडावर बोट ठेवून उठल्या. मी त्यांना ओलांडून मशीनपाशी गेले आणि गोळा एकावर आणला. सासूबाईंचा हात हातात घेतला. गरम. इतका गरम हात त्यांचा कधी नसतो. नखं त्यांची बारमाही निळसर. छाती वर आली. खाली गेली. आणि मग काहीच झालं नाही. मशीन घुरघुरत होतं, कुठल्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, आणि छाती तशीच. मग, कुणी आठवण केल्यासारखी, एकदाची थोडीशी वर आली. "आई," मी हाक मारली. "अहो आई, उठा!" खांदे हलवले. मान उशीवर घरंगळली.

"काय चालवलंयस तू?" जयाताई मशीनकडे बघत म्हणाल्या. "कमी केलंस? इथं आमच्या डोळ्यांदेखत कमी केलंस?" त्यांचा हात बटणाकडे गेला. मी तो धरला. माझ्या थोरल्या नणंदेचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा असा धरला असेन. म्हणाले, "ताई, ही झोप नाही. त्यांचा श्वास थांबत चाललाय. गाडी येतेय." त्या म्हणाल्या, "कवाच्यान धापत हुती ती. आमी वाढवलं तवा कुटं निवांत पडली. तुला तिचं निवांतपन बगवंना!" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंखुरं. कडूबाई मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "म्याच वाढवलं," त्या म्हणाल्या. "येकावर कुनी वाढतं का, बाई? आदी येक घर वाढवलं. मंग जयानं येक. मंग वाटलं, आता जायाच्या आदी अजून येक." त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं. ताटात वाढतात तसं वाढलं होतं त्यांनी. आधी मावशीने, मग लेकीने, मग निघतानाचा आग्रह.

चिमटे काढले, उपयोग नाही. गालावर पाणी मारलं. डोळ्यांच्या पापण्या हलल्या आणि थांबल्या. छाती पुन्हा विसरली. तेव्हा मी पायथ्याशी गेले, पायांवरची गोधडी फेकली, आणि त्यांचा डावा पाय घोट्याशी धरून तळव्यावर चापट मारली. भेगाळलेले, फडातल्या थोटकांवरून चालून घट्ट झालेले तळवे. हाताला झिणझिण्या आल्या. दुसरी मारली, तिसरी. सणासुदीला मी याच पायांना हात लावून तो डोक्याला लावते. "रोहिणे!" जयाताई किंचाळल्या. "सासूच्या पायाला मारती! हात झडंल तुझा!" मी म्हणाले, "झडू दे." चौथी मारली. "आई, घ्या! श्वास घ्या!" आणि माझाच आवाज ऐकून मला कसंतरी झालं, कारण तो त्या पांढऱ्या सदऱ्याचा आवाज होता. घ्या. सोडा. पुन्हा घ्या. दुपारपासून ज्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते, त्याचंच काम मी करत होते. फरक एवढाच, की इथे सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ती चिमूटभर जागा बधिर, पहारेकरीण पोटभर जेवून झोपलेली. मग त्या देहाला घे म्हणायला बाहेर मी उभी, हातात पाय घेऊन.

सासूबाईंनी मोठ्याने हवा ओढली आणि डोळे उघडले. नजर खोलीत कुठेच टेकत नव्हती. "कोन मारतंय?" त्या जिभेवर जड शब्द ठेवत म्हणाल्या. "मी. रोहिणी. श्वास घ्या." "घेती की," त्या म्हणाल्या, आणि घेतला, आणि लगेच डोळे मिटायला लागल्या. मी पुन्हा चापट मारली. बोलत ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मला बोलायला एकच गोष्ट सुचत होती. "आई, तुमच्यासमोर सांगितलं होतं ना? एक म्हणजे एक, तुम्ही म्हणाला होता ना? यांनी वाढवायला घेतलं तेव्हा तुम्ही जाग्या होता?" त्यांनी मान हलवली. होत्या. "मग नको का नाही म्हणालात?" जयाताई रडायच्या थांबल्या. कडूबाई मावशींचा बोटाला गुंडाळलेला पदर तसाच राहिला. लांबून, बायपासच्या बाजूने, गाडीचा भोंगा ऐकू यायला लागला होता.

सासूबाईंनी बहिणीकडे पाहायचा प्रयत्न केला. त्यांच्या त्या खोट्या लाल चेहऱ्यावर थोडं हसू आलं, पंगतीत वाढणारीचं मन राखायला माणसं हसतात तेवढं. "कडू," त्या म्हणाल्या, आणि मध्ये थांबल्या, आणि मला वाटलं की विसरल्या. "कडू येवढ्या लांबून आली. येष्टीनं. उभी राहून. तिला न्हाई... कसं म्हनायचं?"

आणि डोळे मिटले. छाती खाली गेली आणि खालीच राहिली. माझ्या शेजारी येऊन जयाताईंनी आईचा दुसरा पाय घोट्याशी धरला होता, पण त्यांचा हात काही उचलत नव्हता. मी माझा उचलला. आतापर्यंतच्या चापट्या त्यांना जागं ठेवायचं म्हणून मारलेल्या होत्या. ही मात्र माझी होती, सगळीच्या सगळी रागाची, आणि ती मी होती नव्हती तेवढी ताकद लावून मारली.

त्यांनी श्वास घेतला.